भुशात गुंडाळलेला हिवाळा

एक कोडं सोडवा बघू.

१८३३ सालचा मे महिना. १२ तारीख. अमेरिकेतल्या बोस्टन बंदरातून ‘टस्कनी’ नावाचं शिडाचं जहाज सुटलंय. त्याला जायचंय कलकत्त्याला. वाट केवढी लांब! सुएझचा कालवा अजून खणलेला नाही. त्यामुळे अटलांटिक महासागरातून खाली खाली जायचं, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला वळसा घालायचा, मग हिंदी महासागरातून वर चढत बंगालच्या उपसागरात शिरायचं. प्रवास चार महिन्यांचा. वाटेत विषुववृत्त दोनदा ओलांडायचं, म्हणजे उकाडाही दोनदा. जहाजाच्या पोटात १८० टन माल भरलाय आणि तो माल आहे बर्फ. नुसता, साधा, तळ्यातून कापून काढलेला बर्फ. जहाजावर फ्रिज नाही. फ्रिज तेव्हा जगात कुठेच नव्हता.

सप्टेंबरात जहाज हुगळी नदीतून कलकत्त्याला लागलं, तेव्हा त्यातला किती बर्फ उरला असेल?

‘काहीच नाही,’ असं तुमचं उत्तर असेल, तर बोस्टनमधल्या भल्याभल्यांनी तेच उत्तर दिलं असतं. पण उरला होता सुमारे १०० टन! निम्म्याहून जास्त.

हे ज्यानं घडवून आणलं त्याचं नाव फ्रेडरिक ट्यूडर. जन्म बोस्टनचा, १७८३ सालचा. घरचा सुखवस्तू. भाऊ शिकायला हार्वर्डला गेले, याचं मन शाळेत रमलं नाही. सतरा वर्षांचा असताना तो आजारी भावाबरोबर क्युबा बेटावर गेला आणि तिथल्या उकाड्यानं दोघांचा जीव मेटाकुटीला आला. इकडे बोस्टनला मात्र दर हिवाळ्यात तळी गोठायची. त्यावर हातभर जाडीचा बर्फ साठायचा आणि वसंतात आपोआप पाणी होऊन जायचा. त्याला कुणी विचारत नव्हतं. पुढे भावाभावांच्या गप्पांत विषय निघाला, की हा फुकटचा बर्फ गरम बेटांवर नेऊन विकला तर? बाकीच्यांनी बोलून सोडून दिलं. फ्रेडरिकनं मात्र १८०५ च्या ऑगस्टमध्ये एक वही सुरू केली आणि तो कामाला लागला.

१८०६ च्या फेब्रुवारीत त्यानं सुमारे १३० टन बर्फ कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर पाठवला. दुसऱ्यांची जहाजं भाड्यानं मिळेनात, कारण मालकांना भीती की बर्फ वितळून जहाजात पाणी भरलं तर काय घ्या! म्हणून त्यानं स्वतःचं जहाजच विकत घेतलं. बोस्टनच्या वर्तमानपत्रानं त्याची थट्टा केली. बर्फ मार्टिनिकला नीट पोचला. पण तिथे तो ठेवायला जागाच नव्हती. लोक तुकडा विकत घ्यायचे, उघड्यावर घरी न्यायचे आणि घरी पोचेपर्यंत हातात पाणी. तिथल्या एका बागेच्या मालकाचं म्हणणं होतं की या बेटावर आइस्क्रीम होणंच शक्य नाही. ट्यूडरनं त्याच्या डोळ्यांसमोर करून दाखवलं आणि ते हातोहात खपलंही. तरी एकूण हिशेबात तो बुडाला. पुढची कित्येक वर्षं तो कर्जात होता, कर्जापायी तुरुंगातही जाऊन आला. पण त्यानं बर्फ सोडला नाही.

त्याला एक गोष्ट कळून चुकली होती. बर्फ विकण्याआधी बर्फ राखता आला पाहिजे.

आता जरा थांबू आणि बर्फ वितळतो म्हणजे काय होतं ते पाहू, कारण सगळी गंमत तिथे आहे. थंडीच्या रात्री तुम्ही गोधडी पांघरता तेव्हा गोधडी तुम्हाला ऊब देते का? गोधडीत कुठे शेगडी नसते. ऊब तुमच्याच अंगाची असते, गोधडी फक्त तिला बाहेर पळू देत नाही. आता हीच गोधडी बर्फावर टाका. बर्फ गरम होईल? मुळीच नाही. गोधडी आता बाहेरची उष्णता आत शिरू देणार नाही आणि बर्फ जास्त वेळ टिकेल. गोधडीला आत कोण आहे याच्याशी देणंघेणं नसतं. ती उष्णतेची वाट अडवते, मग ती उष्णता आतून बाहेर जाणारी असो नाहीतर बाहेरून आत येणारी.

आणि गोधडीत ही वाट अडवतं कोण? कापड थोडंफार अडवतं, पण खरं काम करते ती कापडाच्या थरांत अडकून बसलेली हवा. एका जागी स्थिर राहिलेल्या हवेतून उष्णता फार सावकाश पुढे सरकते. म्हणून ज्यात हवेचे बारीक बारीक कप्पे आहेत अशी कुठलीही गोष्ट बर्फाची राखण करू शकते. ट्यूडरनं गवत वापरून पाहिलं, कातडी कमावताना उरणारा सालीचा चुरा वापरला, भाताचं तूस वापरलं. सगळ्यांत सरस ठरला लाकडाचा भुसा. उत्तर अमेरिकेच्या त्या भागात जंगलं दाट आणि लाकूड कापायचे कारखाने गावोगावी. त्यांच्या दारात भुशाचे ढीग पडलेले असायचे. तो कुठे टाकायचा हीच कारखानदारांना चिंता होती. ट्यूडर म्हणाला, मी नेतो.

एवढ्यावर तो थांबला नाही. क्युबातल्या हवाना शहरात त्यानं बर्फघर बांधलं. त्याला दुहेरी भिंती होत्या आणि मधल्या पोकळीत भुसा ठासलेला होता. मग बर्फाचं वितळलेलं पाणी किती गळतं ते तो मोजत बसला. कुठे फट बुजवली की पाणी किती कमी झालं, दार उघडलं की किती वाढलं. कॉलेजात न गेलेला हा माणूस रोज प्रयोग करत होता आणि आकडे वहीत लिहीत होता. विज्ञान म्हणतात ते हेच, असं मला अगदी मनापासून वाटतं.

बर्फाच्या बाजूनं आणखी दोन गोष्टी होत्या. पहिली अशी. बर्फ वितळायला फार उष्णता लागते. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ घ्या आणि त्याचं शून्य अंशाचंच पाणी करा. तापमान काडीचंही वाढलेलं नाही, नुसतं घट्टाचं पातळ झालं. पण त्यासाठी जितकी उष्णता लागते, तितक्यात एक किलो पाणी शून्यापासून थेट ८० अंशांपर्यंत तापवता आलं असतं! हाताला चटका बसेल इतकं. एवढी उष्णता गिळल्याशिवाय बर्फ हलत नाही. याला आपण अनुद्भूत किंवा सुप्त उष्णता म्हणतो, वरच्या वर्गात हा धडा तुम्हाला भेटेलच.

दुसरी गोष्ट भूमितीची आहे आणि ती मला फार आवडते. उष्णता बर्फात शिरते ती त्याच्या बाहेरच्या पृष्ठभागातून. एक मीटर बाजूचा बर्फाचा घन घ्या. त्याला सहा तोंडं, म्हणजे पृष्ठभाग ६ चौरस मीटर आणि आतला बर्फ १ घनमीटर. आता बाजू दुप्पट करा. आतला बर्फ होतो ८ घनमीटर आणि पृष्ठभाग २४ चौरस मीटर. बर्फ आठपट झाला, पण वितळायची जागा चारच पट वाढली. बाजू चारपट करा: बर्फ ६४ पट, पृष्ठभाग १६ पट. ढीग जितका मोठा तितका प्रत्येक किलो बर्फ जास्त सुरक्षित. तुमच्या सरबतातला खडा पाच मिनिटांत नाहीसा होतो. पण ‘टस्कनी’वरचा १८० टन बर्फ एकत्र रचला तर तो जवळजवळ ६ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच ठोकळा झाला असता. त्याच्या मधल्या बर्फाला बाहेर उकडतंय की काय याची खबरच लागत नव्हती.

पण मग ठोकळे एकमेकांना अगदी चिकटून बसले पाहिजेत. मध्ये फटी राहिल्या तर त्यातून हवा फिरणार आणि प्रत्येक ठोकळा चारी बाजूंनी वितळणार. सुरुवातीला बर्फ कुऱ्हाडी-करवतींनी कापत, तुकडे वेडेवाकडे निघत. इथे मदतीला आला नॅथॅनिएल वायथ. केंब्रिज गावाजवळच्या ‘फ्रेश पाँड’ तळ्याच्या काठी त्याचं कुटुंब राहायचं. १८२५ साली त्यानं घोड्यानं ओढायचा बर्फाचा नांगर बनवला. त्याला दोन समांतर पाती. एक पातं आधीच पाडलेल्या खाचेतून चालायचं आणि दुसरं बरोबर ठरल्या अंतरावर नवी खाच पाडायचं. त्यामुळे रेघा आपोआप समांतर. उभ्या रेघा झाल्या की आडव्या मारायच्या, म्हणजे सगळ्या तळ्यावर चौकोनी वहीच्या पानासारखे चौकोन. ठोकळे एकाच मापाचे निघू लागले आणि भिंतीतल्या विटांसारखे गच्च बसू लागले.

हा बर्फाचा हंगाम शेतीच्या सुगीसारखाच असायचा. जानेवारी-फेब्रुवारीत शेतात काम नसे, तेव्हा शेतकरी आणि त्यांचे घोडे तळ्यावर येत. आधी बर्फावर पडलेला भुसभुशीत हिम खरवडून काढायचा. का, सांगा बरं? कारण त्या हिमातही हवा अडकलेली असते. तो तळ्यावर पांघरुणासारखा पसरला तर खालचं पाणी उबदार राहतं आणि बर्फ जाड होत नाही. तो काढला की रात्रीच्या थंडीत बर्फ झपाट्यानं वाढतो. तो ३०-४० सेंटीमीटर जाड झाला की नांगर चालायचा. घोडे घसरू नयेत म्हणून त्यांच्या नालांना टोकदार खिळे असत. कधी बर्फ फुटून एखादा घोडा पाण्यात पडे, मग सगळे मिळून त्याला दोरानं ओढून बाहेर काढत. घोड्यांची लीद बर्फाला लागू नये म्हणून ती लगेच उचलायला पोरं ठेवलेली असत. सुटे झालेले ठोकळे पाण्याच्या वाटेनं तरंगत काठापर्यंत ढकलत न्यायचे आणि तिथून बर्फघरात चढवायचे.

तरंगत! हाही एक चमत्कारच आहे. बहुतेक पदार्थ गोठले की आकसतात आणि स्वतःच्याच द्रवात बुडतात. पाणी गोठताना फुगतं. म्हणून बर्फ पाण्यापेक्षा हलका असतो, त्याचा साधारण दहावा हिस्सा पाण्यावर राहतो. बर्फ जर बुडत असता तर तळी खालून वर गोठत गेली असती. मग मासे कुठे गेले असते, आणि ट्यूडरनं बर्फ कापला असता कुठून?

आता व्यापाराची बाजू. बोस्टनची जहाजं हिंदुस्थानातून नीळ, सोरा, कातडी असा माल आणायची. पण इकडे येताना त्यांच्याकडे द्यायला भारी असं फारसं काही नसे. शिडाचं जहाज रिकामं चाललं तर वादळात कलंडतं, म्हणून तळाशी वजन लागतं. त्यासाठी चक्क दगड भरत. दगडांऐवजी बर्फ भरला तर भाडं स्वस्तात पडणार, हे ट्यूडरनं हेरलं. तळ्यातला हिवाळा फुकट, भुसा फुकटासारखा आणि जहाजातली जागाही मोकळीच. कुणालाच नको असलेल्या तीन गोष्टी त्यानं एकत्र आणल्या.

कलकत्त्यात ‘टस्कनी’ आलं तेव्हा गव्हर्नर जनरल होते लॉर्ड विल्यम बेंटिंक. त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी बर्फ घेऊन आलेल्या विल्यम रॉजर्सला चांदीचा पेला भेट दिला. बर्फावरचा करही माफ झाला. बर्फाबरोबर अमेरिकेतली सफरचंदंही आली होती, थंडगार आणि ताजी.

आणि मुंबई? लगेच पुढच्या वर्षी, १८३४ च्या सुमारास, बर्फ मुंबईतही उतरला. तो पहिल्यांदा मागवला जहांगीर नसरवानजी वाडियांच्या पेढीनं. शेठ जमशेटजी जीजीभॉय, म्हणजे ज्यांच्या नावाचं जे. जे. रुग्णालय आणि जे. जे. कला महाविद्यालय आहे तेच, यांनी आपल्या मेजवानीत पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं. नंतर ‘मुंबई समाचार’नं बातमी दिली की यजमानांना आणि पाहुण्यांना, सगळ्यांना जोराची सर्दी झाली! सर्दी विषाणूंमुळे होते हे तेव्हा कुणाला ठाऊक नव्हतं, त्यामुळे सगळा दोष बिचाऱ्या आइस्क्रीमवर आला. पुढे लोकांनी वर्गणी काढून फोर्टात, सेंट अँड्र्यूज चर्चच्या शेजारी, एक बर्फघर बांधलं. ते आता नाही. पण चेन्नईला समुद्रकिनाऱ्यावर असंच एक बर्फघर उभं आहे, १८४२ सालचं. स्वामी विवेकानंद १८९७ मध्ये परदेशातून परतले तेव्हा त्याच इमारतीत उतरले होते. तोवर ती राहायचं घर झाली होती. आज तिथे त्यांचं स्मारक आहे, तरी चेन्नईकर त्या भागाला अजून ‘आइस हाउस’च म्हणतात.

पण म्हणून आपल्याकडे आधी बर्फच नव्हता असं समजू नका हं! अकबराच्या काळी हिमालयातला बर्फ लाहोरला आणला जाई. पाण्यात सोरा विरघळवून त्यात सुरई फिरवत आणि प्यायचं पाणी गार करत. आणि सगळ्यांत हुशारीचं काम बंगालात आणि अलाहाबादेकडे चालायचं. तिथे हिवाळ्यातल्या निरभ्र, वारा नसलेल्या रात्री उथळ खड्ड्यांत उसाची वाळलेली चिपाडं किंवा मक्याची ताटं पसरत. त्यावर मातीच्या पातळ, सच्छिद्र थाळ्या मांडत आणि संध्याकाळी त्यात थोडं थोडं पाणी ओतत. पहाटे थाळ्यांत बर्फाची पापडी धरलेली असे! हवा गोठणबिंदूपर्यंत उतरलेली नसली तरीसुद्धा. कसं? थाळीच्या छिद्रांतून थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. शिवाय उघड्या, ढग नसलेल्या आकाशाकडे पाणी आपली उष्णता किरणांच्या रूपानं सोडत राहतं. आणि जमिनीची ऊब वर येऊ नये म्हणून खाली चिपाडं. म्हणजे इथेही तीच युक्ती: अडकलेली हवा. रॉबर्ट बार्कर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १७७५ मध्ये यावर सविस्तर लेख लिहिला होता. हे काम करणाऱ्या कारागिरांची नावं मात्र त्या लेखाबरोबर आपल्यापर्यंत आली नाहीत, याची मला खंत वाटते. हा बर्फ पातळ, गढूळ आणि थोडा असायचा. म्हणून बोस्टनचा काचेसारखा ठोकळा पाहून लोक थक्क झाले.

बर्फाचा हा व्यापार जोरात चालू असताना अमेरिकेत कॉनकॉर्ड गावाजवळ वॉल्डन नावाच्या तळ्याकाठी हेन्री डेव्हिड थोरो नावाचा लेखक स्वतः बांधलेल्या खोपटात एकटा राहत होता. १८४६-४७ च्या हिवाळ्यात त्याच्या खिडकीसमोर शंभरेक आयरिश मजूर आले आणि वॉल्डनचा बर्फ कापू लागले. आयर्लंडमध्ये तेव्हा बटाट्याचं पीक सडून भयंकर दुष्काळ पडला होता. पोटासाठी समुद्र ओलांडून आलेले हजारो आयरिश लोक मिळेल ते कष्टाचं काम करत होते. बर्फाच्या व्यापारात नाव झालं ट्यूडरचं, बोटं गोठली ती या मजुरांची. थोरो रोज सकाळी भगवद्गीता वाचत असे. आपल्या तळ्याचं पाणी मद्रास, मुंबई, कलकत्त्याचे लोक पिणार, वॉल्डन आणि गंगा एकमेकांना भेटणार, या विचारानं त्याला फार आनंद झाला. तो त्यानं आपल्या ‘वॉल्डन’ या पुस्तकात लिहून ठेवला आहे. हे पुस्तक १८५४ मध्ये निघालं आणि पुढे गांधीजींनाही थोरोचे विचार जवळचे वाटले.

बर्फाचा धंदा इतका वाढला की १८५६ मध्ये एकट्या बोस्टनमधून दीड लाख टनांच्या आसपास बर्फ बाहेर गेला. पण त्याहून मोठा बदल अमेरिकेतल्या घराघरांत झाला. थंडी पूर्वी श्रीमंतांच्या वाड्यातली चैन होती. आता साध्या घरातही बर्फाचं कपाट आलं. लाकडी कपाट, आतून पत्रा आणि दोन्हींच्या मध्ये भुसा किंवा बूच. वरच्या कप्प्यात बर्फाचा ठोकळा, कारण गार हवा जड असते आणि खाली उतरते. खालच्या कप्प्यांत दूध, लोणी, मांस. सगळ्यांत खाली वितळलेलं पाणी साठवायची परात, ती ओतून द्यायची आठवण ठेवणं हे बहुधा मुलांचं काम. बर्फवाला घोडागाडी घेऊन यायचा. घराच्या खिडकीत एक चौकोनी पाटी लावलेली असे, तिच्या चार बाजूंना २५, ५०, ७५, १०० असे आकडे. आज जितके पौंड बर्फ हवा तो आकडा वर येईल अशी पाटी फिरवून ठेवायची. बर्फवाला लांबूनच आकडा वाचून तेवढा ठोकळा तोडून आणायचा. तोडताना उडालेल्या कपच्या वेचायला गाडीमागे पोरं धावायची.

घराघरांत बर्फ आल्यावर आइस्क्रीम तरी कसं मागे राहील! १८४३ मध्ये नॅन्सी जॉन्सन या बाईंनी हातानं फिरवायच्या आइस्क्रीमच्या यंत्राचं पेटंट घेतलं. लाकडी बादलीत बर्फ आणि मीठ, मध्ये डबा आणि डब्यात दूध फिरवायची दांडी. ओळखलंत ना? उन्हाळ्यात आपल्याकडे आंब्याचं पॉट आइस्क्रीम करतात तो हाच पॉट. मीठ घातलं की बर्फाचा वितळणबिंदू शून्याच्याही खाली जातो. मग बर्फ वितळू लागतो, त्याला लागणारी उष्णता तो डब्यातल्या दुधातून ओढून घेतो आणि दूध गोठतं. रेल्वेनंही बर्फ कामाला लावला. १८७८ च्या सुमारास शिकागोच्या गुस्ताव्हस स्विफ्टनं असे डबे बनवून घेतले ज्यांत बर्फाची थंड हवा मालावरून फिरत राही. वाटेत ठरावीक स्टेशनांवर छतातल्या झडपेतून नवा बर्फ भरायचा. शिकागोचं मांस न्यूयॉर्कला पोचू लागलं आणि पुढे कॅलिफोर्नियाची फळंही. कुठल्या गावात काय पिकतं आणि कुठल्या गावात काय खाल्लं जातं, याचा एकमेकांशी असलेला संबंध सुटत गेला.

बर्फ यंत्रानं करता येईल हे मात्र एका डॉक्टरनं आधीच दाखवलं होतं. फ्लोरिडातल्या अपालाचिकोला गावच्या जॉन गॉरी यांना तापाच्या रोग्यांची खोली गार ठेवायची होती. हवा दाबली की ती तापते, हे सायकलच्या पंपाला हात लावून तुम्हीही पाहिलं असेल. ती दाबलेली हवा गार करायची आणि मग एकदम मोकळी सोडायची, की ती खूप थंड होते. या तत्त्वावर त्यांनी यंत्र बनवलं आणि १८५१ मध्ये पेटंट मिळवलं. पण पैसा लावायला कुणी पुढे आलं नाही. १८५५ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्या कामाची कदर झालेली नव्हती. आता अमेरिकेच्या संसदभवनात त्यांचा पुतळा आहे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं, तेव्हा उत्तरेचा बर्फ दक्षिणेला मिळेना आणि तिथे यंत्रं आली. पुढे नद्या-तळी गावांच्या घाण पाण्यानं खराब झाल्यावर तर लोकांना तळ्यातला बर्फ नकोसाच झाला. १८८० च्या सुमारास भारतातही यंत्रांचा बर्फ आला आणि बोस्टनची जहाजं यायची थांबली.

तुमच्या घरच्या फ्रिजच्या मागे किंवा बाजूला हात लावून बघा, तिथे गरम लागेल. फ्रिज थंडी तयार करत नाही. तो आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो आणि मग ती परत आत येऊ नये म्हणून त्याच्या जाड दारात फेस भरलेला असतो. त्या फेसात काय असतं? बारीक कप्प्यांत कोंडलेला वायू. ट्यूडरचा भुसाच म्हणा ना!

अमेरिकेत राहणाऱ्या एखाद्या मराठी काका-मावशीला विचारा. तिथल्या हॉटेलात नुसतं पाणी मागितलं तरी पेला बर्फानं काठोकाठ भरून येतो, भर थंडीतसुद्धा. नको असेल तर आधी सांगावं लागतं. ही सवय ट्यूडरनं मुद्दाम लावली होती. नव्या गावात गेला की तो पेयं विकणाऱ्यांना सुरुवातीला बर्फ फुकट द्यायचा आणि अट घालायचा की गार पेय साध्या पेयाच्याच किमतीला विका. एकदा गार प्यायलेला माणूस पुन्हा कोमट पिणार नाही, हे त्यानं ओळखलं होतं.

आणि आपल्याकडे? मुंबईत ससून डॉकला पहाटे जा. होडी मासेमारीला निघायच्या आधी तिच्या पोटात चुरलेला बर्फ भरतात. मासळीचा एक थर, बर्फाचा एक थर. गोळेवाल्याकडे येणारी बर्फाची लादी भुशात आणि गोणपाटात गुंडाळलेली असते. पोलिओची लस गावोगावी पोचवणाऱ्या आरोग्यसेविकेच्या खांद्यावरचा डबाही तसाच, जाड भिंतींचा आणि आत बर्फाच्या पिशव्या असलेला.

वॉल्डनचं तळं अजून आहे. थोरोनं दर वर्षी त्याचा बर्फ कधी फुटला त्या तारखा लिहून ठेवल्या होत्या. बोस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक आणि त्यांचे सहकारी आजच्या तारखा त्या वहीशी ताडून बघतात. थोरोच्या काळापेक्षा बर्फ आता साधारण दोन आठवडे लवकर जातो. पृथ्वी तापते आहे हे सांगणारा इतका जुना पुरावा एका लेखकाच्या वहीत सापडावा! तिकडे मेन राज्यातल्या साउथ ब्रिस्टल गावी थॉम्सन यांचं जुनं बर्फघर जपून ठेवलंय. फेब्रुवारीत तिथे गावकरी आणि मुलं जमतात आणि जुन्या अवजारांनी तळ्यातला बर्फ कापतात. अर्थात, कापण्याइतका जाड धरला तर.

आता तुमची पाळी. सारख्या आकाराचे चार बर्फाचे खडे आणि चार सारख्या वाट्या घ्या. एक खडा उघडा ठेवा. दुसरा सुती फडक्यात गुंडाळा. तिसरा सुताराकडून आणलेल्या कोरड्या भुशात पुरा. कोकणात राहत असाल तर भाताचं तूसही चालेल. चौथा भुशातच पुरा, पण तो भुसा आधी पाण्यानं चांगला भिजवून घ्या. दर दहा मिनिटांनी पटकन बघा आणि वेळ लिहा. उघडा खडा आणि कोरड्या भुशातला खडा यांचं काय होईल याचा अंदाज तुम्हाला आला असेलच. पण भिजलेल्या भुशातला खडा कितवा येईल? आधी अंदाज वहीत लिहा, मगच घड्याळ लावा.